सभागृह क्रमांक दोनची साथ

बुधवारी सकाळी नऊ चाळीसला इशारेसरांच्या पडद्यावर तांबडा दिवा लागला, आणि त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच हवेत राहिला.

सहा वर्षं ते या दिव्याची वाट बघत होते. हिरवा रोजचाच होता, पिवळा अधूनमधून डोळे मिचकावून जायचा, पण तांबड्याने कधी तोंड दाखवलं नव्हतं. दिव्याखाली ओळ उमटली होती : ‘पोटाच्या विकाराची साथ. संगणक विभागातले सतरा जण. खात्री सत्त्याण्णव टक्के.’ सरांना आधी आनंद झाला. मग सतरा माणसं आजारी आहेत हे ध्यानात येऊन लाज वाटली. मग पुन्हा आनंद झाला, पण तो त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरीसुद्धा.

सरांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाकी सगळं कॉलेज त्यांना इशारेसर म्हणायचं, कारण साथीचा इशारा देणारं यंत्र हाच त्यांचा ध्यास होता. काम दिसायला साधं. कोण कधी, कुठल्या कारणाने रजेवर गेलं याच्या, आणि त्या दिवशी कॉलेजात कुठे काय चाललं होतं याच्याही, वर्षानुवर्षांच्या नोंदी यंत्राला दाखवायच्या. हजारो नोंदी चाळून यंत्र आपलं आपण शिकतं, की आजार पसरू लागला की रजा कशा वाढतात. मग पुढच्या वेळी डॉक्टरांच्या आधी त्यालाच सुगावा लागतो. सरांनी या यंत्रापायी डोळ्यांचे नंबर वाढवून घेतले होते, केस घालवले होते, आणि नऊ वर्षं हंगामी प्राध्यापक म्हणून काढली होती. दर वर्षी जूनमध्ये त्यांची नोकरी संपायची आणि दर वर्षी जुलैमध्ये, प्राचार्यांच्या दाराबाहेर ताटकळून झालं की, पुन्हा सुरू व्हायची.

यंदा मात्र कायम होण्याचा योग जुळून आला होता. अट एकच : उमेदवाराने शुक्रवारपर्यंत सगळ्या विभागापुढे व्याख्यान द्यायचं, आणि विभागाने त्यावर मत द्यायचं. शुक्रवार टळला की जागाच रद्द. व्याख्यान ठरलं होतं आजच, अकरा वाजता, सभागृह क्रमांक दोनमध्ये. हजेरी सक्तीची. सूट फक्त आजारी माणसाला. सरांनी तीन तासांची तयारी केली होती. एकशे बारा स्लाइड.

“एकशे बारा?” बायकोने आदल्या दिवशी विचारलं होतं.

“एकशे चाळीस होत्या. काळजावर दगड ठेवून छाटल्या.”

अकराला पाच मिनिटं असताना सभागृहात पाच माणसं होती, आणि त्यातली दोन चुकून आली होती. ती उठून गेल्यावर प्राचार्यांनी घड्याळ बघितलं, रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि सरांच्या पाठीवर हात ठेवला.

“सर, नशीबच फुटकं तुमचं. नेमकी आजच सगळ्यांची पोटं बिघडावीत! शुक्रवारी बघू.”

“शुक्रवारी शेवटचा दिवस आहे, सर.”

“म्हणून तर म्हणतोय, शुक्रवारी बघू.”

दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. इशारेसर खोलीत जाऊन फोन करायला बसले. साथ सापडली की रोग्यांची चौकशी करायची, हा नियम त्यांनीच सहा वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. पहिला फोन विभागप्रमुख मॅडमना लागला.

“मॅडम, जुलाब किती वेळा?”

“काय?”

“पातळ की अगदी पाण्यासारखे? फॉर्ममध्ये रकाना आहे.”

“सर, मला... बोलवत नाहीये हो,” मॅडम क्षीण आवाजात म्हणाल्या. मागे कुणीतरी खणखणीत आवाजात विचारलं, “ताई, या रंगात अजून मोठा साइज दाखवू का?”

“तुमच्याजवळ कुणी आहे ना? एकट्या राहू नका,” सर कळवळून म्हणाले. “फक्त एवढं सांगा, काल बाहेरचं काय खाल्लंत?”

मॅडम गडबडल्या. घरचं म्हणावं तर घरची माणसं ठणठणीत. हॉटेलचं म्हणावं तर कुठलं, हा पुढचा प्रश्न. “कॅन्टीन,” त्या म्हणाल्या. “कॅन्टीनचं सँडविच.”

दुसरा फोन उंचसरांना, म्हणजे विभागातल्या सगळ्यांत उंच प्राध्यापकांना. ते धापा टाकत होते आणि मागे चेंडू रॅकेटवर आपटल्याचा आवाज येत होता. सरांनी फॉर्मवर लिहिलं, ‘धाप लागते, अशक्तपणा फार.’ काल काय खाल्लं, असं विचारल्यावर उंचसरही क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, “ते आपलं... कॅन्टीनचं सँडविच.” दुपारी एकपर्यंत सतरा फॉर्म भरले. सतरा माणसं, सतरा सँडविचं. सरांच्या अंगावर काटा आला. एवढा स्वच्छ निष्कर्ष त्यांनी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता.

एक गोष्ट मात्र ते विसरले होते. तांबडा दिवा लागला की शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आपोआप मेल जाईल, अशी सोय त्यांनी यंत्रातच करून ठेवली होती. मेल नऊ एक्केचाळीसला पोचला होता.

दोन वाजता फाटकातून पांढरी गाडी आत शिरली. आरोग्य अधिकारी बाई ठेंगण्या होत्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्यांना वाईट खोड होती. त्यांच्यामागे दोन नर्स आणि झाकणाच्या डब्यांचं एक भलंमोठं खोकं. त्यांनी सतरा फॉर्म उभ्याउभ्याच वाचले.

“हे सगळं तुम्ही सकाळपासून केलंत? एकट्याने?”

“यंत्राने, मॅडम. मी फक्त फोन केले.”

“आणि तुम्ही हंगामी?” बाईंनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतर बाईंनी जो सपाटा लावला त्याला तोड नव्हती. सतरा जणांच्या घरी नर्स धाडल्या. प्रत्येकाच्या हाती एक डबा : उद्या सकाळी नमुना भरून द्यायचा. खाणंपिणं बंद, फक्त भाताची पेज आणि मीठ-साखरेचं पाणी. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, दिवसातून तीनदा फोन येईल. आणि तीन वाजता त्यांनी कॅन्टीनला सील ठोकलं.

कॅन्टीनच्या मावशी कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. एकवीस वर्षं त्या हे कॅन्टीन चालवत होत्या.

“माझ्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं? नावं सांगा!”

“नावं गुप्त असतात, मावशी,” सर म्हणाले.

“गुप्त? आणि माझ्या दाराला पट्टी लावली ती गुप्त का? आख्खं कॉलेज बघतंय!” मावशींचा आवाज एकदम खाली आला. “सर, तुम्ही नऊ वर्षं रोज माझ्याकडे जेवता. कालही सँडविच खाल्लंत. तुम्हाला झालं का काही?”

सरांनी पोट चाचपलं. काही झालं नव्हतं. ‘प्रतिकारशक्ती चांगली,’ असं त्यांनी मनात नोंदवलं, पण मावशींकडे बघायचा धीर मात्र झाला नाही.

संध्याकाळी ते बायकोला आणायला तिच्या दुकानात गेले. ती फार्मासिस्ट होती आणि कॉलेजच्या फाटकासमोरचं औषधांचं दुकान सांभाळायची. सरांनी दारातूनच सुरुवात केली : दिवा, फॉर्म, अधिकारी बाई, त्या काय म्हणाल्या. ती गोळ्यांची पाकिटं खणात लावता लावता ऐकत होती.

“सतरा जणांना जुलाब?” तिने मध्येच विचारलं.

“सतरा!”

“आणि माझ्याकडे मीठ-साखरेची एक पुडी खपली नाही? या भागात दुसरं दुकान नाही. सकाळपासून तुमच्या विभागातलं एकच माणूस आलं, तुमच्या मॅडम. उन्हाचं क्रीम घेऊन गेल्या. रिक्षा थांबवली होती, घाईत होत्या.”

सर बोलायचे थांबले. ते सहसा थांबत नसत, त्यामुळे बायकोने वळून बघितलं.

“अहो, बसा आधी,” ती म्हणाली आणि स्टूल पुढे केलं.

सरांनी तिथेच काउंटरवर लॅपटॉप उघडला आणि जे सहा वर्षांत नीट केलं नव्हतं ते केलं. कुठल्या खुणेवरून साथ ओळखलीस, असं यंत्राला विचारलं. यंत्राने कारणं उतरत्या क्रमाने मांडली. पहिलं कारण : सभागृह क्रमांक दोनचं आरक्षण.

हे कारण सरांना नवीन नव्हतं. चार वर्षांपूर्वीच ते त्यांच्या नजरेला आलं होतं. त्यावर त्यांनी मोठा निबंध लिहिला होता, की कोंदट सभागृहात हवा खेळत नाही आणि तिथून आजार पसरतो. निबंध छापून आला होता. त्यावरून कॉलेजने सभागृहाला तीन पंखे आणि दोन खिडक्या बसवल्या होत्या. तरी आजार हटला नव्हता, आणि सरांना त्याचं कोडं पडलं होतं. सभागृह कुणाच्या नावावर आरक्षित होतं, हा रकाना मात्र त्यांनी कधी उघडून बघितला नव्हता. आता उघडला. वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, आणि ते हजेरीपुस्तकातलं होतं.

मग त्यांनी जुन्या रजा काढल्या. त्यांची अर्ध्या तासाची भाषणं असायची तेव्हा दोघातिघांचं डोकं दुखायचं. तासाच्या भाषणाला पाठी धरायच्या. उंचसरांची एकच आजी चार वेळा वारली होती आणि चारही वेळा बुधवारी. तीन तासांचं, सक्तीचं व्याख्यान आजवर झालंच नव्हतं. म्हणूनच तांबडा दिवा कधी लागला नव्हता.

“म्हणजे साथ...” बायको म्हणाली.

“माझीच,” सर म्हणाले.

तिला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. शेवटी वाईट वाटण्याची सरशी झाली. “तुम्ही सांगता ते चांगलं असतं हो,” ती म्हणाली. “फक्त फार असतं.”

सरांनी मान डोलावली. आपला कुणी राग करत नाही, कुणी भांडत नाही, म्हणजे सगळं बरं चाललंय, असं ते नऊ वर्षं समजत होते. लोकांनी तोंडावर सांगितलं असतं तर इतकं लागलं नसतं. आपल्यापासून सुटका म्हणून लोक पोट बिघडवून घ्यायला तयार होते, हे त्यांना फार लागलं.

गुरुवारी प्रकरण मिटायला हवं होतं, ते चिघळलं. सतराही नमुने साफ निघाले. सर अधिकारी बाईंच्या कचेरीत धावले.

“नमुन्यांत काहीच नाही ना, मॅडम? मग सोडून द्या सगळ्यांना.”

“काहीच नाही, हीच तर काळजी आहे,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “सतरा जणांना एकच त्रास, आणि ओळखीचा एक जंतू सापडत नाही. म्हणजे जंतू नवा आहे. उद्या मी सगळ्यांना सभागृहात बोलावलंय. नमुने मोठ्या प्रयोगशाळेत जातील. चौदा दिवस सगळे घरात, घरची माणसंसुद्धा. आणि त्या कॅन्टीनचा परवाना रद्दच करावा लागेल.”

“पण मॅडम...”

“तुमचं व्याख्यानही तिथेच उरकून घ्या, शेवटचा दिवस आहे ना? मी स्वतः ऐकायला थांबते. काळजी करू नका, आता तुम्हाला कायम करायला कोण नाही म्हणतो ते मी बघते.”

सर बाहेर आले तोच विभागप्रमुख मॅडमचा फोन आला.

“सर, हे थांबवा,” त्या खरोखरीच्या क्षीण आवाजात म्हणाल्या. अख्खा दिवस पेजेवर काढल्यावर आवाज आपोआप तसा होतो.

“कसं थांबवू, मॅडम? यंत्र तर सत्त्याण्णव टक्के म्हणतंय.”

“यंत्र चुकलं असेल.”

“यंत्र चुकलं नाही, मॅडम.”

सरांना सगळं कळलं आहे, हे मॅडमना कळलं. मॅडमना ते कळलं, हे सरांना कळलं. दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

“मोठ्या मुलीची परीक्षा आहे हो सोमवारपासून,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “तिलाही घरात बसवतील.”

त्या रात्री सरांच्या हिशेबाला दोनच बाजू होत्या. गप्प बसलं तर कायमची नोकरी चालत येऊन पदरात पडत होती. खरं बोललं तर निबंध खोटा, नऊ वर्षं पाण्यात, आणि जुलैमध्ये पुन्हा प्राचार्यांच्या दाराबाहेर ताटकळणंसुद्धा नशिबात नाही. एका बाजूला एवढं सगळं होतं, आणि दुसऱ्या बाजूला मावशींच्या दाराची पट्टी. ती पट्टी काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

शुक्रवारी सभागृह क्रमांक दोन भरलं. सतराच्या सतरा जण तोंडाला मास्क लावून एकेक खुर्ची सोडून बसले होते. दाराशी नर्स उभी होती, त्यामुळे कुणाला काही दुखायचीही सोय नव्हती. पहिल्या रांगेत प्राचार्य आणि अधिकारी बाई. मावशींना सरांनी स्वतः बोलावलं होतं. त्या मागे भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

सर उभे राहिले. एकशे बारा स्लाइड बाजूला ठेवून त्यांनी एकच नवी स्लाइड पडद्यावर लावली. तिच्यावर दोन रेषा होत्या, एक निळी आणि एक तांबडी. जिथे निळी वर चढे तिथे तांबडीही चढत होती.

“तांबडी रेष म्हणजे आपल्या विभागातले आजार,” सर म्हणाले. “निळी म्हणजे माझी भाषणं. साथीचं मूळ सापडलंय. ते मी आहे. कॅन्टीन नाही. मी चार वर्षांपूर्वी निबंध लिहिला की सभागृहात हवा खेळत नाही. ते चूक होतं. हवा उत्तम खेळते. मी बोलायचं थांबत नाही, एवढंच कारण आहे. यंत्र मला सहा वर्षं हेच सांगत होतं आणि मी ऐकत नव्हतो. हे छापून कळवावं लागेल, ते मी कळवीन. झालं माझं.”

पंखे तेवढे फिरत होते. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. सहा मिनिटंही झाली नव्हती.

अधिकारी बाई सावकाश मागे वळल्या आणि त्यांनी सतरा जोडी डोळ्यांत एकेक करून बघितलं. “म्हणजे ही माणसं आजारी नव्हतीच?”

सतरा जणांच्या पोटात खरोखरच गोळा आला. खोट्या रजेला काय शिक्षा असते हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

“होती, मॅडम,” सर घाईने म्हणाले. “तीन तास एका जागी बसायच्या धास्तीने माणसाचं पोट बिघडतं. नमुन्यात ते दिसत नाही. आणि मी कायम झालो नाही की सगळी आपोआप बरी होतील.”

बाईंचे खांदे हलू लागले. हसत आहेत की संतापल्या आहेत हे कुणाला कळेना. रुमालाने डोळे टिपून त्या प्राचार्यांना म्हणाल्या, “तुम्ही यांना ठेवणार नसाल तर मला द्या. माझ्या खात्यात चार हजार माणसं आहेत, आणि दर सोमवारी त्यातल्या सहाशे जणांना ताप येतो. असं यंत्र मी दहा वर्षं शोधतेय. पहिले सहा महिने तुमच्याच कॉलेजच्या जुन्या रजा तपासू. हात बसेल.”

सभागृहात खुर्च्या करकरल्या. सगळ्यांत आधी उंचसर उठले. “प्राचार्य, विभागाचं मत घ्यायचं होतं ना?” ते म्हणाले. “माझं आहे की सरांना कायम करावं. आत्ताच्या आत्ता. असा माणूस आपल्या घरात हवा. बाहेर नको.”

सतराच्या सतरा हात वर झाले. कॉलेजच्या इतिहासात संगणक विभागाचं कशावर एकमत झालं होतं असं कुणाला आठवत नव्हतं. प्राचार्यांनी तिथल्या तिथे सही केली. सही करताना ते शेजारच्या बाईंना हळूच म्हणाले, “खरं सांगू का, यांचं भाषण मला आज पहिल्यांदा कळलं.”

बाईंनी स्वतःच्या हाताने कॅन्टीनची पट्टी काढली. मावशी आत गेल्या त्या सँडविचचं मोठं ताट घेऊनच बाहेर आल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या. “आता माझ्यासमोर खायचं, एकेकाने,” त्या म्हणाल्या. पेजेने कावलेली ती सतरा माणसं मुकाट रांगेत उभी राहिली आणि अशी तुटून पडली, की मावशींचा राग तिसऱ्या ताटाला विरघळून गेला.

सर बाजूला एकटेच बसले होते. हातात सहीचा कागद होता, आणि तो कौतुकाने मिळाला नाही, भीतीने मिळाला, हे त्यांना कळत होतं. मॅडम सँडविच घेऊन आल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. विभागातलं कुणी सरांच्या टेबलाशी आपणहून येऊन बसायची ही पहिलीच वेळ होती.

“सर,” त्या नजर चुकवत म्हणाल्या, “त्या एकशे बारा स्लाइडमध्ये काय होतं हो?”

सरांनी वर बघितलं. त्या गंमत करत नव्हत्या. नऊ वर्षांत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“बुधवारी सांगतो,” ते कसेबसे म्हणाले. “सभागृहात. पाचच स्लाइड. पंधरा मिनिटं.”

“नक्की पंधरा?”

“घड्याळ तुमच्या हातात देतो.”

“मग मी येईन,” मॅडम म्हणाल्या. उठून दोन पावलं गेल्या, थांबल्या, आणि सवयीने म्हणून गेल्या, “तब्येत बरी असली तर.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आधी मॅडमना हसू फुटलं, मग सरांना, आणि काय झालं म्हणून विचारायला उरलेले सोळा जण आपापल्या बशा घेऊन त्या टेबलाभोवती जमले.